शंभर पावलांच्या आतले फोटो

उंबरठा · सोमवार, रात्री ९.४०

घोटा मोडलाय. ट्रेकला वगैरे नाही, सोसायटीच्या ओल्या जिन्यात, हातात दुधाची पिशवी असताना. (दूध वाचलं.) प्लास्टरला तीन आठवडे झाले, अजून दोन बाकी. सध्या माझं जग म्हणजे पलंग, स्वयंपाकघराचं दार आणि चिंचवडच्या दुसऱ्या मजल्यावरची सहा बाय चारची गॅलरी.

कॅमेरा घेऊन आठ वर्षं झाली. आत काय काय साठलंय ते परवा पडल्या पडल्या चाळलं. कास, हरिश्चंद्रगड, कास, ताडोबा, पुन्हा कास. नुसत्या तेरड्याचे एकशे चाळीस फोटो निघाले आणि त्यातला एकही इतर हजारो लोकांच्या तेरड्याहून वेगळा नाही. घरातला मात्र एक फोटो नाही. बाबा रोज सकाळी खुर्ची उन्हात ओढून पेपर वाचायचे, मांडीवर पेपर, पेपरवर चष्मा. पंधरा वर्षं मी ते बघितलं. कॅमेरा कपाटात होता.

असो. गेल्या बुधवारी गॅलरीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याने घाण केलेली दिसली म्हणून काडीने उडवायला गेले, तर ती घाण चालायला लागली. कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी! लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे पक्षी तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. शेवटची कात टाकली की एकदम हिरवीगार, खांद्यावर खोटे डोळे. डिवचलं की डोक्यामागून लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि असा काही उग्र वास सुटतो की विचारू नका. काल दिवसभरात तिने अकरा पानं संपवली. आईला फोडणीची काळजी लागलीय.

पाच दिवसांत मी त्या एका कुंडीचे दोनशे फोटो काढलेत, आणि कासला कधी आली नव्हती एवढी मजा येतेय.

तर धाग्याचा नियम असा: घरापासून शंभर पावलांच्या आत तुम्हाला काय टिपावंसं वाटलं ते लिहा. फोटो चढवू नका. चढवले की ‘मस्त’, ‘अप्रतिम’, अंगठा, संपलं. काय होतं, किती वाजले होते, उजेड कुठून येत होता, हे शब्दांत सांगा.

शेंडेफळ · सोमवार, रात्री ९.५२

दूध वाचलं हे वाचून जिवात जीव आला.

नियम आवडला, पण मी भाड्याच्या वन आरकेत राहतो. खिडकीबाहेर समोरच्या बिल्डिंगची भिंत. शंभर पावलांत एक पानटपरी, एक झेरॉक्सवाला आणि वर्षभर बंद असलेलं एटीएम. मी काय टिपू?

अवांतर: चाळीस हजारांत कॅमेरा कुठला घ्यावा?

एफ_बाय_आठ · सोमवार, रात्री १०.३०

शेंडेफळ, कुठलाही घेऊ नका. खिशातला फोन काढा आणि लेन्स जुन्या बनियनच्या कापडाने पुसा. चेष्टा नाही. निम्म्या फोटोंवरचं ‘धुकं’ हे बोटांचं तेल असतं. मग जे टिपायचंय त्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथेच कुलूपबंद होतो. शेजारी सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं खाली ओढा. फोनला सगळं जग ट्यूबलाइटखाली असल्यासारखं उजळ करायची खोड असते, ती मोडा. सहा महिने एवढंच करा, चाळीस हजारांचं नंतर बघू.

समोरच्या भिंतीला नावं ठेवू नका. ती पांढरी असेल आणि तिच्यावर ऊन पडत असेल तर तुमच्या खोलीत येणारा उजेड स्टुडिओतल्या मोठ्या छत्रीसारखा मऊ असतो. त्यात घरमालकाचा फोटो काढून द्या, भाडं कमी होईल.

उंबरठा, अळीसाठी: घरात जुनी ५० मिमीची लेन्स पडली असेल तर ती उलटी करून कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरा. ॲपर्चरची (उजेड आत यायचं भोक लहानमोठं करायची) कडी लेन्सवरच असेल तर फारच उत्तम. नखाएवढी वस्तू चौकटभर येते. फोकस फिरवून होत नाही, आपणच झोपाळ्यासारखं पुढेमागे डोलायचं आणि डोळा धारदार दिसला की बटण दाबायचं. प्लास्टरमुळे तुम्हाला डोलायला अडचण आहे हे मान्य. खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकवा.

काजूची_बी · मंगळवार, सकाळी ७.१०

मोबाईलवरून टंकतेय, चुका चालवून घ्या.

आमच्या गावच्या घराला, राजापूरजवळ, स्वयंपाकघराच्या वर एक काचेचं कौल आहे. त्यातून उन्हाचा पट्टा येतो. तो आजीचं घड्याळ. पट्टा पाट्यावर आला की भात टाकायचा, उंबऱ्याला टेकला की वाडीतली मुलं शाळेतून येणार. उन्हाळ्यात वेगळा हिशोब आणि थंडीत वेगळा, तोही तिला पाठ.

गंमत अशी की तो उजेड एरवी दिसतच नाही, फक्त जमिनीवर पडलेला कळतो. चुलीत ओलसर लाकूड घातलं आणि धूर झाला की छपरापासून जमिनीपर्यंत तिरका खांब उभा राहतो. मी तीन वर्षं त्याचा फोटो काढायचा प्रयत्न करत होते. फोन अख्खं स्वयंपाकघर उजळून टाकायचा आणि खांब विरून जायचा. या मे महिन्यात वर सांगितलंय तसं ते सूर्याचं चिन्ह पार खाली ओढलं. सगळं काळं झालं, उरला तो खांब, तव्याची कड आणि आजीच्या दोन बांगड्या. आजीने बघितलं आणि म्हणाली, ‘मी खंय आसय ह्यात?’

एक शंका. कौलांच्या फटींतून जे छोटे कवडसे पडतात ते सगळे गोल कसे? फटी तर वेड्यावाकड्या आहेत.

एफ_बाय_आठ · मंगळवार, सकाळी ८.०५

कारण तो फटीचा आकार नाही, सूर्याचं चित्र आहे. फट पुरेशी लहान आणि जमिनीपासून लांब असली की तीच लेन्सशिवायचा कॅमेरा होते आणि सूर्याची प्रतिमा खाली टाकते. आंब्याखाली जमिनीवर जी गोल नक्षी पडते तीही तीच, पानांमधल्या फटींतून आलेले शेकडो सूर्य. खोटं वाटत असेल तर २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी काढलेले फोटो शोधा. दक्षिणेत कंकणाकृती ग्रहण होतं, आपल्याकडे खंडग्रास. त्या सकाळी आमच्या अंगणातले सगळे गोल चंद्रकोरी झाले होते. लोक काळे चष्मे लावून वर बघत होते आणि मी खाली मान घालून फरशीचे फोटो काढत होतो. बायकोला वाटलं काहीतरी हरवलंय.

शून्य सावलीचा दिवसही असाच फुकटचा. पुण्यात १३ मेच्या आसपास, मुंबईत १५ च्या, नागपुरात २६ च्या. पुण्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास स्टीलचा पेला उपडा ठेवा, सावली पायाखाली गुप्त. जुलैअखेर पुण्यात हा दिवस परत येतो, पण तेव्हा सावली पाडायला सूर्यच नसतो.

वऱ्हाडी_ठेचा · मंगळवार, दुपारी १.२०

मेमध्ये नागपुरात दुपारी बाराला गच्चीवर पेला ठेवायला जो जाईल त्याचीच सावली गायब व्हायची भाऊ.

आमच्याकडं शंभर पावलांत पळस आहे, रेल्वेच्या कुंपणाला लागून. एरवी त्याच्याकडं कोणी पाहत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी पानं झडून सगळं झाड केशरी झालं की मी रोज सकाळी सात ते आठ तिथं. साळुंक्या, कोतवाल, शिंजीर, खारी, सगळ्यांची पंगत. साळुंकी फुलात डोकं घालते अन् बाहेर काढते तेव्हा कपाळावर पिवळा परागांचा टिळा. तो टिळा टिपायला मला दोन मोसम लागले.

शिकलेली एक गोष्ट सांगतो. पळस, पांगारा, गुलमोहर या रंगांनी कॅमेरा फसतो. डोळ्याला पाकळ्यांवरच्या शिरा, मखमल सगळं दिसते, फोटोत नुसता केशरी डाग. लाल रंगाचं माप भरून वाहते म्हणून असं होते. उजेड एक घर खाली घ्या, शिरा परत येतात.

तिरळा_कावळा · मंगळवार, रात्री ११.१५

रसभंग करतो, हलके घ्या.

‘घरच्या घरी विषय’ म्हटलं की जे फोटो येतात ते बघून बघून मी थकलोय. पानावरचा थेंब. कोळ्याचं जाळं. वाफाळता चहा आणि मागे धूसर पाऊस. जुनं दार आणि त्यावरची कडी. आजोबांचे सुरकुतलेले हात. या पाच गोष्टींवर दहा वर्षं बंदी घालावी असं माझं स्पष्ट मत आहे. कासच्या तेरड्यात आणि गॅलरीतल्या थेंबात फरक एवढाच की पेट्रोल वाचलं. शंभर पावलांतही आपण तेच बघतो जे आधी कुणाच्या तरी फोटोत बघितलेलं असतं.

उंबरठाताईंची अळी मला आवडली, पण ती अळी आहे म्हणून नाही. त्यांना ती आधी घाण वाटली होती म्हणून.

काजूची_बी · बुधवार, सकाळी ६.५०

जुन्या दारावर बंदी मान्य. थेंबावर नाही. अळवाच्या पानावरचं पाणी खालून, तिरकं कधी पाहिलंयत? ते पानाला चिकटलेलंच नसतं. मध्ये हवेचा पातळ थर असतो आणि तो पाऱ्यासारखा चमकतो. पान हलवलं की थेंब फुटत नाही, घरंगळतो. ‘अळवावरचं पाणी’ आपण पंचवीस वेळा लिहितो, बघितलेलं कुणी नसतं.

पानगळ · बुधवार, रात्री १०.००

कावळ्याशी मी बराचसा सहमत आहे. त्यावर माझा उपाय सांगतो. सुंदर काय दिसतंय ते शोधायचं सोडून दिलं आणि झिजलेलं काय आहे ते शोधायला लागलो.

लिफ्टमधली बटणं बघा. आमच्याकडे चौथ्या मजल्याचा आकडा पुसून गेलाय, बाकीचे शाबूत, कारण चौथ्यावर शिकवण्या चालतात. वॉचमनच्या खुर्चीचा एक हात तारेने बांधलाय, दुसरा इतका गुळगुळीत की त्यात ट्यूबलाइट दिसते. स्वयंपाकघराच्या फरशीवर सिलिंडरच्या बुडाचं गंजलेलं वर्तुळ आहे आणि त्याला छेदणारं दुसरं, जुन्या जागेचं. दोन वर्तुळं, मध्ये तीस वर्षं. (ओटा बदलला तेव्हा सिलिंडर सरकला.)

सगळ्यात आवडता फोटो कालथ्याचा. रोज तव्यावर घासून घासून कालथ्याची कड झिजते, पण सारखी झिजत नाही. उजव्या हाताने वापरणाऱ्याची एक बाजू तिरपी होते. आमच्या आईचा कालथा उलट बाजूने तिरपा आहे. ती डावरी होती. लहानपणी शाळेत मारून मारून तिला उजव्या हाताने लिहायला लावलं, ते ती शेवटपर्यंत लिहायची, पण पोळी डाव्या हातानेच उलटायची. ही गोष्ट मी तिच्यासोबत चाळीस वर्षं राहून पाहिली नव्हती. फोटो मोठा करून बघताना कळली. आता तो कालथा बायकोलाही वापरता येत नाही आणि मलाही.

काढला कसा, तर टेबलावर काळं कापड, खिडकी डाव्या बाजूला, उजेड कडेवर घासत जाईल असा. समोरून उजेड टाकलात तर झीज दिसणार नाही, नुसता कालथा दिसेल.

तिरळा_कावळा · बुधवार, रात्री १०.२०

माझे शब्द मागे घेत नाही. पण कालथा बंदीतून वगळला आहे.

पानगळ · बुधवार, रात्री १०.४५

कृपा.

उंबरठा, तुम्हाला एक सोबती सांगायचा राहिला. प्रागचा योसेफ सुडेक. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला, आणि तरी जन्मभर मोठमोठे लाकडी कॅमेरे वापरले. १९४० पासून पुढे बरीच वर्षं तो आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढत राहिला. कधी काचेवर दव, कधी बर्फ, बाहेर वाकडं झाड, आत पाण्याचा पेला. बाहेर जर्मन सैन्य होतं, कॅमेरा घेऊन रस्त्यावर फिरणं सोपं नव्हतं. तुमचं दोन आठवड्यांचं प्लास्टर त्यापुढे काहीच नाही, असं म्हणायचं नाही मला. पण खिडकी पुरते एवढं नक्की.

उंबरठा · गुरुवार, सकाळी ९.३०

कालथ्याचं वाचून ओट्यापाशी लंगडत जाऊन आमचा बघून आले. उजवा.

अळीची बातमी: काल संध्याकाळपासून खाणं बंद. अस्वस्थ फिरत होती, मग कुंडीच्या काठीवर जाऊन बसली. रात्रीत शेपटाशी रेशमाची गादी केली, कमरेभोवती एक धागा घेतला आणि माडावर चढणारा माणूस दोरावर रेलतो तशी मागे रेलली. सकाळी बघते तर कात खाली पडलेली आणि वर हिरवा कोष. आता धाग्यावर धागा म्हणायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट, सल्ला हवाय. बाजूच्या गॅलरीत, शेजाऱ्यांच्या मनीप्लँटमध्ये, लालबुड्या बुलबुलाने घरटं केलंय. माझ्या गॅलरीतून हात लांब केला तर कॅमेरा थेट वर जातो. रोज एक फोटो, पिल्लं उडेपर्यंत, अशी मालिका डोक्यात आहे.

एफ_बाय_आठ · गुरुवार, सकाळी ९.४१

नको.

उंबरठा · गुरुवार, सकाळी ९.४५

फ्लॅश वापरणार नाही.

एफ_बाय_आठ · गुरुवार, सकाळी १०.१०

तरी नको. रागावू नका, मी स्वतः हे करून बसलोय. वीस वर्षांपूर्वी शिंपी पक्ष्याचं घरटं, दोन पानं शिवून केलेलं, कुंपणाच्या जास्वंदीत. फोटोत नीट दिसावं म्हणून पुढची एक फांदी दोरीने बाजूला बांधली. फक्त अर्ध्या तासासाठी. दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं. फांदीने जे झाकलं होतं ते मी उघडं केलं होतं, आणि कावळा रोज आमच्या तारेवर बसून मी कुठे बघतोय तेच बघत होता. तो फोटो एका मासिकात छापून आला. मी कात्रण ठेवलेलं नाही.

बुलबुलाचं सगळं प्रकरण महिन्याभरात आटपतं. खोलीत, पडद्याआड बसा. पिल्लं बाहेर पडली की कठड्यावर येऊन बसतात, पंख फुलवून, शेपटी नसलेली, आणि आईबाप चोचीत किडा घेऊन मागे मागे. तो फोटो घरट्यातल्या उघड्या चोचींपेक्षा शंभर पटींनी चांगला असतो.

उंबरठा · गुरुवार, सकाळी १०.१५

ठीक. पडद्याआड.

बर्फातली_चिमणी · शुक्रवार, पहाटे ४.२५ (तुमच्या घड्याळाने)

टोरांटोहून लिहितेय. इथे चार-पाच महिने शंभर पावलं म्हणजे दार ते गाडी. पहिली दोन वर्षं मी हिवाळाभर कॅमेरा काढलाच नाही, सगळं पांढरं म्हणून. मग एका सकाळी बसची वाट बघताना काळ्या लोकरी हातमोज्यावर बर्फ पडला आणि एकेक चांदणी सुटी दिसली. सहा हात, प्रत्येक हाताला फांद्या.

तेव्हापासून मोजा हाच माझा स्टुडिओ. फोनला क्लिपची मॅक्रो लेन्स लावते, मोज्याचा हात खांबाला टेकवते आणि श्वास रोखते, कारण नाकातल्या वाफेने चांदणी वितळते. कुठल्याही थंडीत मिळत नाही हे हळूहळू कळलं. ढगात उणे १५ अंशांच्या जवळपास असलं की हे फांद्याफांद्यांचे तारे बनतात, थोडं कमीजास्त झालं की नुसत्या सुया नाहीतर चपट्या चकत्या पडतात.

हे काम माझ्याआधी एका शेतकऱ्याने करून ठेवलंय. विल्सन बेंटली, अमेरिकेतल्या व्हर्माँटमधल्या जेरिको गावचा. १८८५ साली सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा एकमेकांना जोडून त्याने हिमकणाचा आपला पहिला फोटो काढला, आणि १९३१ मध्ये वारला तोवर पाच हजारांवर काढले होते. सगळे आपल्या शेतावरच. गायीगुरं सांभाळून. बसस्टॉपवर लोक माझ्याकडे बघतात तेव्हा मी त्याची आठवण काढते.

वऱ्हाडी_ठेचा · शुक्रवार, सकाळी ११.००

उणे पंधरा. इथं कूलरसमोर बसून वाचतोय अन् हुडहुडी भरली.

सोनकी · शनिवार, दुपारी ३.३०

सगळे झाडं-पानं-भांडी यावरच लिहिताय, माणसांवर कुणीच नाही. माझं घर मंडईच्या मागच्या गल्लीत, कोल्हापूर. माझी शंभर पावलं मंडईतच संपतात.

गेल्या वर्षी एका मेथीवाल्या मावशींचा फोटो काढला, न विचारता. सकाळचे साडेसात, वर निळी ताडपत्री, त्यामुळे सगळा उजेड निळा आणि फक्त मेथीच्या ढिगावर एका फटीतून ऊन. काढला आणि निघाले, तर मागून हाक. ‘ए बाई, फोटू काढलास, मेथी कोण न्हेणार?’ दोन जुड्या घेतल्या. आठवड्याने फोटोची प्रिंट काढून नेऊन दिली. त्यांनी हात पुसून घेतली, लांब धरून बघितली, बाजूच्या कांदेवालीला दाखवली. म्हणाल्या, ‘ह्यात मेथीच झ्याक आल्या. मी अंधारात.’

खरं होतं. मी रंगांचा फोटो काढला होता आणि त्यांना पडदा म्हणून वापरलं होतं. मग त्यांनीच सांगितलं कसा काढायचा ते. वजनकाटा समोर घेतला, पदर सारखा केला, कांदेवालीला शेजारी बसवलं, दोघी ताठ. फोटो म्हणून तो साधा आहे, स्पर्धेला पाठवला तर पहिल्या फेरीत बाद. तो त्यांच्या काट्याच्या पेटीला आतून चिकटवलेला आहे. आता अख्ख्या ओळीत मला कुणी ‘का काढते’ असं विचारत नाही. ‘माझा कवा’ असं विचारतात. मेथी मात्र दर वेळी घ्यावी लागते.

तिरळा_कावळा · शनिवार, संध्याकाळी ५.००

मावशींचं परीक्षण इथल्या सगळ्या प्रतिसादांपेक्षा नेमकं आहे. त्यांना सदस्य करून घ्या.

शेंडेफळ · रविवार, रात्री ११.५०

उशीर झाला, पण गृहपाठ केलाय.

भिंत पांढरी नाही, पिस्ता रंगाची निघाली. घरमालक फोटोत कावीळ झाल्यासारखे आले. भाडं तेवढंच आहे.

मग पानटपरीपाशी गेलो. रोज जातो, पण कधी टपरीकडे न बघता तिच्या शेजारच्या विजेच्या खांबाकडे बघितलं नव्हतं. पान लावून झालं, तंबाखू मळून झाली की लोक बोटाला उरलेला चुना खांबाला पुसतात. कंबरेपासून खांद्याच्या उंचीपर्यंत अख्खा खांब पांढऱ्या बोटांनी भरलाय. एकेका बोटाचा फराटा. काही जुने पिवळट, काही आजचे ओले. काही खूप खाली आहेत, ते बसून मळणाऱ्यांचे. एक फराटा सगळ्यांच्या बराच वर आहे. टपरीवाल्याला विचारलं, तर म्हणाला तो एक उंच माणूस आहे, रात्रपाळीहून येतो, पहाटे साडेपाचला.

रात्री दहाला काढला. टपरीच्या एलईडी पट्टीचा उजेड बाजूने घासून येतो, त्यात प्रत्येक फराट्याच्या कडेला सावली पडते. (पानगळ, कालथ्याची युक्ती, आभार.) लेन्स बनियनने पुसली होती.

बंद एटीएममध्ये एक कुत्रं झोपतं. ते पुढच्या वेळी.

पानगळ · सोमवार, सकाळी ७.३०

शेंडेफळ, मी तीस वर्षं या असल्या खांबांशेजारी उभं राहून पान खाल्लंय. मानलं.

तिरळा_कावळा · सोमवार, सकाळी ९.००

आधी कुणाच्या फोटोत बघितलेला नाही. पास.

त्या उंच माणसाला पहाटे साडेपाचला गाठ.

उंबरठा · पुढचा शनिवार, रात्री ८.३०

सगळ्यांचं वाचलं, टंकायच्या कंटाळ्यामुळे उत्तरं राहिली. बुलबुलाची दोन पिल्लं परवा कठड्यावर आली. एफ_बाय_आठ, तुम्ही म्हणालात तशीच, फुगलेली आणि बिनशेपटीची. पडद्याआडून अकरा फोटो, त्यातल्या दोनांत पडदाच आहे.

आता कोषाचं. नऊ दिवस मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून होते. काल संध्याकाळी तो काळपट झाला आणि आतले पंखावरचे पांढरे ठिपके बाहेरून दिसायला लागले. म्हणजे सकाळी निघणार. उलटी लेन्स, कोपराखाली उशी, बॅटरी चार्ज, सगळं तयार. आणि रात्री आठवलं की आज सकाळी साडेआठला प्लास्टर काढायची वेळ घेतलीय. पुढे ढकलायला फोन केला, तर डॉक्टर दोन आठवडे बाहेरगावी.

साडेअकराला परत आले. स्वतःच्या दोन पायांवर, आई धरून. कोष रिकामा, टरफलातून आरपार दिसत होतं. काठीखाली लालसर पाण्याचा एक थेंब. बस. मी तिथेच खुर्चीत बसले आणि खरंच रडू आलं, पायाला हात लावला तर आणखी, केवढा बारीक झालाय तो.

तेवढ्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी बादली घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘ताई, तुमचं ते निघालं ना सकाळी. मी फरशी पुसत होते. आधी चोळामोळा झाल्यासारखं होतं, मग लोंबत बसलं अर्धा-पाऊण तास. तुम्ही रोज काढता म्हणून मी पण काढला.’

फोटो बघितला. कोपऱ्यात त्यांचा अंगठा आहे. मागे पोछ्याची काठी. मध्ये काळं फुलपाखरू, पंख अजून ओले, आणि त्याच्या खाली रिकामा कोष, त्याचा तो कमरेचा धागा तसाच ताणलेला. धारदार आहे. माझ्या अडीचशेतला एकही इतका धारदार नाही.

माझ्या फोनवर पाठवा म्हटलं, तर म्हणाल्या नेट संपलंय, एक तारखेला टाकणार.

शेंडेफळ · शनिवार, रात्री ८.३४

अहो मग रिचार्ज मारा की त्यांना!